अठराशे चौऱ्याहत्तरची बायको

शनिवार, १२ सप्टेंबर

आलो एकदाचे घरी! केसांत गवत, बुटांना शेण, आणि हसून हसून गाल दुखताहेत.

मोसमातली पहिली सहल. विलो बेंडचं जुनं शेत – तिथं लोकांना जुना काळ जगून दाखवतात. वेस्लीनं कालच पलंगावर शर्ट मांडून ठेवले होते – लाल-काळ्या चौकड्यांचे, पाचही सारखे. त्याचा, माझा, हॅडलीचा, छोट्या मायकाचा आणि सासूबाईंचा. आर्लीन म्हणाल्या, "मी म्हातारी बाई आहे रे, टेबलावरचा कपडा नाही." पण घातला. आम्ही सगळेच घालतो.

मग भोपळ्यांच्या गाडीपुढे फोटो. मायकाचे डोळे मिटले, पुन्हा फोटो. माझं हसू वेस्लीला पटलं नाही, पुन्हा फोटो. एक अनोळखी बाई थबकून म्हणाली, "किती गोड कुटुंब!" वेस्लीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आपण नशीबवान आहोत, नाही का जनेल?" हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या शेतावरच्या घरात कायम अठराशे चौऱ्याहत्तर साल असतं. त्या काळची घरधनीण झालेल्या फेल्प्सबाई करड्या रंगाचा पायघोळ झगा घालून चुलीपाशी उभ्या. त्यांचा नियमच आहे, काही झालं तरी साल सोडायचं नाही. मायकानं विचारलं, "तुमचा टीव्ही कुठंय?" तर बाई म्हणाल्या, "कोण टीव्ही? गिरणीवाल्यांचा नवा जावई का?" लोक पोट धरून हसले.

थोड्या वेळानं बाप्ये आणि पोरं घोडागाडीतून शेताकडे जातात. ज्या बायकांना हवं त्या स्वयंपाकघरात हाताखाली थांबतात. मी थांबले. लोणी घुसळलं. आर्लीन कोपऱ्यात सफरचंदं सोलत बसल्या – तोंड बंद, कान उघडे, नेहमीसारख्या. शनिवार-रविवारात एवढाच वेळ वेस्ली माझ्या आसपास नसतो!

रविवार, १३ सप्टेंबर

चर्च. दुपारी कॉलीनला फोन केला. वेस्ली शेजारी येऊन बसला. "स्पीकरवर ठेव ना, मलाही ऐकू दे की मेहुणीचा आवाज." मग काय – तिकडे मिनेसोटात, डुलुथला थंडी पडली का, आमच्याकडे नाही पडली. माझी सख्खी बहीण, आणि आम्ही हवापाणी बोलतो.

बुधवार, १६ सप्टेंबर

कपडे धुवायच्या खोलीत लिहितेय. मशीन चालू असलं की इथं कुणी येत नाही.

आज दाताच्या दवाखान्यावरून चालत गेले, मायकाला शाळेतून आणायला. नवी मुलगी माझ्या खुर्चीत बसलेली पाहिली. मी नोकरी सोडली असं सगळ्यांना वाटतं. मी नाही सोडली. वेस्लीनं डॉक्टरांना परस्पर फोन केला – "जनेल फार दमते हो, आम्ही ठरवलंय." घरी येऊन मला सांगितलं, "आपण ठरवलं होतं ना?" कधी ठरवलं होतं? आठवून आठवून डोकं दुखलं. गाडीचंही तेच. विकून आला. "बर्फात तुला कुठं जायचंय? मी आहे ना."

हात उगारत नाही. आवाज चढवत नाही. कुणाला सांगायला जावं तर काय सांगू – माझा नवरा फार गोड बोलतो?

सगळं 'आपण'च ठरवतो. मी त्यात कधी असते ते मला मागाहून कळतं.

शनिवार, १९ सप्टेंबर

आज शेताऐवजी निसर्ग केंद्र. मेक्सिकोकडे निघालेली नारिंगी फुलपाखरं जाळीत धरायची, पंखावर टिकलीएवढा आकड्याचा कागद चिकटवायचा आणि सोडून द्यायची. म्हणजे कुठं पोचली ते कळतं. हॅडलीनं सुंदर केलं, श्वास रोखून. मायकानं मात्र भोकाड पसरलं. "त्याला नकोय! त्याला विचारा तरी!"

वेस्ली गुडघ्यावर बसून म्हणाला, "अरे, आपल्याला काळजी वाटते म्हणून करतो ना." आर्लीन म्हणाल्या, "रडू दे त्याला. बरोबर रडतोय."



शनिवार, २६ सप्टेंबर

सांगितलं! मी सांगितलं कुणाला तरी!

बाप्ये शेताकडे गेले. स्वयंपाकघरात मी, आर्लीन आणि फेल्प्सबाई. मी कणीक मळत होते. सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, तुमच्याकडे एखादीला नवऱ्याचं घर सोडायचं असलं तर ती काय करते हो?"

बाई दचकल्या नाहीत. "कशापायी सोडायचं? दारू पितो? मारतो?"

"नाही. घोडा विकला तिचा. म्हणाला, तुला कुठं जायचंय? दात काढणाऱ्या वैद्याकडे ती कामाला जायची, ते परस्पर सोडवलं. बहिणीचं पत्र आलं की शेजारी बसून मोठ्यानं वाचायला लावतो. आणि गावात सगळे म्हणतात, बाई, देव पावला तुला!"

एकदा तोंड उघडलं ते थांबेना. शर्ट कसे मांडून ठेवतो. ती हसली नाही की पुन्हा कशी हसवतो. मुलांच्या देखत तिच्या वतीनं कसा बोलतो. सगळं त्यांच्या सालात बसवून सांगितलं. फेल्प्सबाईंचे डोळे भरून आले – अगदी खरे! पदरासारखं एप्रन डोळ्यांना लावलं. "सोसलंस ग," म्हणाल्या. मी विचारलं, "तिला कुणी मदत करेल का?" त्यांनी माझा पिठाचा हात दाबला. "पुढच्या शनिवारी ये. मी बघते काय करता येतं ते."

आर्लीन सोलतच होत्या. मान वर केली नाही. ऐकलं असेल? ऐकू दे!

मंगळवार, २९ सप्टेंबर

शनिवारची वाट बघतेय. सहलीची वाट बघितली असं लग्नानंतर पहिल्यांदा झालं असेल.

फेल्प्सबाई झगा उतरवल्यावर कोण असतील? नर्स? निवृत्त मास्तरीण? अशा बायकांना ठाऊक असतं – कुठं जायचं, कुणाला भेटायचं. मुलांना घेऊन डुलुथला पोचले की झालं. कॉलीनचं घर मोठं आहे. फक्त इथून तिथं.

शनिवार, ३ ऑक्टोबर

मेले मी.

आम्ही दारात पाऊल ठेवलं, तर फेल्प्सबाईंच्या शेजारी शेताचा व्यवस्थापक उभा – आजच्या कपड्यांत, गळ्यात ओळखपत्र. माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "तुम्हीच का त्या? बाई आठवडाभर तुमचंच कौतुक करताहेत!"

मला आधी कळेचना. बाई हरखलेल्या. त्या म्हणे यंदा निवृत्त होताहेत, जागेवर कुणी मिळत नव्हतं. "पाहुण्या बायका येतात, दोन वाक्यं बोलतात आणि फिदीफिदी हसतात. हिनं एकदासुद्धा साल सोडलं नाही! आणि घोड्याचं काय रचलंन! अंगावर काटा आला माझ्या. रडले मी!"

हे सगळं वेस्लीच्या देखत.

वेस्ली हसत होता. "कुठला घोडा?"

व्यवस्थापकानं पहिल्यापासून सांगितलं. वैद्य, पत्रं, देव पावला – सगळं. वेस्ली सगळ्यांत मोठ्यानं हसला. माझ्या कमरेभोवती हात टाकला. "आपल्याला माहीतच नव्हतं, घरात एवढी मोठी नटी आहे!"

मी पण हसले. मी हसले! तिथंच खाली बसून ओरडायला हवं होतं.

येताना गाडीत तो गाणं गुणगुणत होता. घराच्या वळणावर हळूच म्हणाला, "घोडा विकला, हं?" पुढं काही नाही.

रविवार, ४ ऑक्टोबर

सकाळी त्यानं सगळ्यांना पॅनकेक केले. मला पहिला वाढला. रागावला असता तर बरं झालं असतं.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

ठरलं. म्हणजे 'आपण' ठरवलं.

वेस्लीनं व्यवस्थापकाशी बोलून घेतलंय. पुढच्या मोसमापासून फेल्प्स कुटुंब म्हणजे आम्ही. तो घरधनी, मी फेल्प्सबाई, मुलं मुलं. शेताच्या टोकाला राखणदाराचं घर रिकामं आहे, फुकट मिळतंय. नोव्हेंबर लागताच राहायला जायचं, बर्फ पडायच्या आत. शेजार नाही. गावाकडे जायला एकच रस्ता, तोही कच्चा. मुलांची शाळा घरीच – "हॅडलीचं किती शिक्षण होईल तिथं! आपलं स्वप्नच होतं ना हे?"

मी म्हटलं, माझं नव्हतं.

त्यानं माझ्या केसांवरून हात फिरवला. "तूच तर त्या घरात इतकी रमलीस. मी तुझ्यासाठीच करतोय."

काय बोलू? कागदावर बघायला गेलं तर माझीच निवड झालीय! माझ्या गुणांवर! ओरडून मदत मागितली, तर लोकांनी टाळ्या वाजवून मला त्याच घरात नेऊन बसवलं.

वेस्लीनं दाढी राखायला सुरुवात केलीय. त्या काळातली.

शनिवार, १० ऑक्टोबर

झग्याचं माप घेतलं. फेल्प्सबाई मला शिकवू लागल्या. चुलीच्या भट्टीत हात घालायचा, किती सोसवतं त्यावरून पाव टाकायचा की नाही ते ठरवायचं. माझा हात पोळला. "होईल सवय," म्हणाल्या.

बाप्ये बाहेर गेल्याबरोबर मी त्यांचा दंड धरला. कुजबुजले, "बाई, मी ते रचलं नव्हतं. खरं आहे ते सगळं. माझी गाडी विकली त्यानं. गाडी! मला इथं राहायला यायचं नाहीये. तुम्ही कुणाला तरी सांगा."

बाईंनी डोळे मिचकावले. "गाडी? बैलाची की घोड्याची?"

"बाई, देवाशपथ सांगते!"

"अस्सं!" त्यांना केवढा आनंद झाला. "परीक्षा बघतेस होय माझी? बघ, बघ. लोक काय वाटेल ते बोलतात, रडतात, बेशुद्ध पडल्याचं सोंग करतात. आपण साल सोडायचं नाही. तुझ्या लक्षात आलंय, छान!"

भिंतीवर डोकं आपटलं असतं तरी त्या म्हणाल्या असत्या, वा!

कोपऱ्यात आर्लीनची सुरी थांबली होती. मी बघितलं तशी पुन्हा चालू झाली.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

फोन काढून घेतला. "सवय व्हायला हवी ना! अठराशे चौऱ्याहत्तरला कुठं होते फोन?" गालगुच्चा घेतला वर.

शनिवार, १७ ऑक्टोबर

पाऊस, म्हणून सहल रद्द. दिवसभर घरात खोकी भरली.

जेवताना वेस्लीनं आर्लीनना सांगितलं, नव्या घरात त्यांची खोली माळ्यावर. आणि ती त्यांची जुनी ब्यूक गाडी विकून टाकू. आर्लीनचं घर तर त्यानं सासरे गेल्यावर लगेच विकलं होतं, तेव्हापासून त्या आमच्या तळघरात राहतात. उरलीय ती ब्यूक. चर्चला आणि सहलींना त्या वेगळ्या तीच घेऊन येतात – म्हणतात, वेस्लीच्या गाडीत माझे पाय चेंगरतात. चेंगरतात ते खायचे 'पाय' हं, सफरचंदाचं सारण भरून भाजलेले, डब्यातले. तो त्यांचा कायमचा विनोद आहे.

"गाडी कशाला विकायची?" आर्लीन म्हणाल्या.

"बर्फात तुला कुठं जायचंय, आई? मी आहे ना."

शब्द न् शब्द तोच. आर्लीननी ताटावरून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्याकडे नाही – माझ्याकडे. इतक्या वर्षांत या बाईनं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मग म्हणाल्या, "मीठ दे ग." मी दिलं.

शनिवार, २४ ऑक्टोबर

ब्यूकमध्ये लिहितेय. अक्षर हलतंय. रस्ता खडबडीत. मागं मुलं झोपलीत.

आज मोसमाचा शेवटचा दिवस. मका सोलायची शर्यत. बाप्ये गाड्यांवर चढून पलीकडच्या शेतात जातात आणि हातानं कणसं सोलून गाडीत फेकतात. जेवणाची घंटा होईपर्यंत कुणी परत यायचं नाही, आला तर बाद. मुलांना तिथं नेत नाहीत, घोडे बुजतात. आणि ज्याला लाल दाण्यांचं कणीस सापडेल त्यानं सगळ्यांसमोर हव्या त्या बाईची पापी घ्यायची. जुनी रीत.

सकाळी मी वेस्लीच्या कोटाच्या खिशात लाल कणीस बघितलं. दुकानातलं, दाराला टांगतात त्यातलं. सापडायचंही त्यानं आधीच ठरवून ठेवलेलं! जाताना गाडीवर उभा राहून ओरडला, "तयार राहा, फेल्प्सबाई!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. गाड्या कडेपलीकडे गेल्या.

मी नवा झगा घालून बटाटे चुलीवर चढवले. आठच दिवसांनी राखणदाराच्या घरात असणार, एवढंच डोक्यात. आर्लीन उठल्या. त्यांनी एप्रन सोडलं, घडी केली, खुर्चीवर ठेवलं.

"जनेल, मुलांना कोट घाल."

"कशाला? ऊन आहे."

"डुलुथला नसेल."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही. तशीच उभी. त्या म्हणाल्या, "कढईत पडलेल्या माशासारखी बघू नकोस. ब्यूकमध्ये पेट्रोल आहे. तुझ्या बहिणीचा पत्ता मला पाठ आहे, दर नाताळला मीच पाकिटावर लिहिते. चल!"

मी मुलांना आत बोलावलं. मायकाचा एक हात कोटात जाईना. तेवढ्यात फेल्प्सबाई अंगणातून आल्या. घंटेचा दोर त्यांच्याच हाती. बटाट्यांत काटा खुपसून म्हणाल्या, "झाले की! चला, बोलावूया बाप्यांना."

"कच्चे आहेत," आर्लीन म्हणाल्या.

"छे, मऊ लोणी झालेत."

"बाई." आर्लीन त्यांच्या अगदी जवळ गेल्या. "घोडा खरा होता. विकणारा माझा मुलगा आहे."

फेल्प्सबाईंनी मायकाकडे बघितलं, हॅडलीच्या गळ्यापर्यंत लावलेल्या बटणांकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहरा एकदम पांढरा पडला. त्यांनी झग्याची बाही वर सारली. आत मनगटावर घड्याळ होतं – साधं, काळ्या पट्ट्याचं, आजचं!

"अरे देवा," म्हणाल्या. आवाजही वेगळाच, आजच्या बाईचा. "मी काय करून ठेवलं हे! जा तुम्ही. बटाटे कच्चेच आहेत. मी सांगेपर्यंत कच्चे राहतील."

धावलो. झग्यात पाय अडकला, पडले, उठले. भोपळ्यांच्या गाडीपाशी एक कुटुंब फोटो काढत होतं. आम्हाला धावताना बघून हसले – त्यांना वाटलं, कार्यक्रमच आहे.

मिनेसोटाच्या हद्दीत शिरेपर्यंत मी मागं बघत होते. आर्लीननी एकदाही आरशात बघितलं नाही. हॅडलीनं विचारलं, "बाबा कधी येणार?" मी म्हटलं, "मला माहीत नाही, राणी." खरं तेच सांगितलं. रडली. मग झोपली.

सोमवार, २६ ऑक्टोबर

डुलुथ. काल वेस्लीचे फोनवर फोन. कॉलीननं घेतले, आणि आज एका वकीलबाईंची वेळ ठरवली.

मला आर्लीनची काळजी. मुलाविरुद्ध उभ्या राहिल्या माझ्यासाठी, आता त्याच्याच तळघरात परत जायचं! सकाळी कॉफी ओतताना विचारलं, "आर्लीन, परत कधी निघणार? मी येऊ का सोबतीला हद्दीपर्यंत?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"परत? अगं, चाळीस वर्षं त्याच्या बापाजवळ काढली मी. दर शरद ऋतूत वाटायचं, यंदा निघायचं." कप माझ्यापुढं सरकवला, आणखी ओत म्हणून. "एकटीला धीर व्हायचा नाही."